पंचगंगेचा पूर: निघायचं कधी, आवरायचं कसं, आणि कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी

कोल्हापुरात दर पावसाळ्यात तेच चालतंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत बसायचं, 39 फूट झाले, 41 झाले, 43 झाले, आणि "आपल्या दारात 2005 ला पण आलं नव्हतं" असं म्हणून झोपायचं. सकाळी उठून बघावं तर दार कोरडं ठणठणीत, पण गल्लीच्या तोंडाला कंबरभर पाणी. मग बोट कधी येणार म्हणून फोन सुरू. सगळ्यांचं लक्ष उंबऱ्यावर, आणि माणसं अडकतात ती रस्त्यावरच्या पाण्यानं.

खालचं सगळं सखल भागातल्या लोकांसाठी आहे. शहरात सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, बापट कॅम्प, कसबा बावड्याचा खालचा भाग, आणि बाहेर चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं. उंचावर राहणाऱ्यांना यातलं टप्पा 4 तेवढं लागू आहे, ते मात्र नक्की वाचा.

## आधी आपला पूर कसा आहे ते समजून घ्या

कोकणातल्या पाहुण्यांचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही. चिपळूणला जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी काही तासांत शहरात आलं, वर समुद्राची भरती. तिथं पळायला तासच मिळतात. आपल्याकडं पंचगंगा इंचाइंचानं चढते आणि दिवसेंदिवस उतरत नाही, कारण पुढं नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते, आणि तिथं कृष्णा तुंबलेली असली की आपलं पाणी जायचं कुठं? म्हणजे आपल्याला वेळ भरपूर मिळतो, आणि तोच घात करतो. हळू चढतंय म्हणून माणूस बसून राहतो.

दुसरं म्हणजे शहरात पाणी नदीच्या बाजूनंच येईल असं नाही. नदी चढली की शहरातनं नदीला मिळणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी पुढं जात नाही, मागं फिरतं. नदीपासून लांब असलेल्या वस्तीत गुडघाभर पाणी दिसतं ते असं. तिसरं, राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. एका दरवाजातनं 1428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला एवढे घनफूट पाणी), सातही उघडले तर 10 हजारांच्या घरात. "आज दरवाजे सोडणार नाहीत म्हणे" असल्या फॉरवर्डवर विसंबून झोपू नका.

## टप्पा 1: मे महिन्यात तुमचा स्वतःचा आकडा काढा

39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. हे आकडे राजाराम बंधाऱ्यावरचे आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. तुमचे आकडे दोन: उंबऱ्याचा आणि रस्त्याचा.

1. 2019 च्या पुराची भिंतीवरची खूण शोधा. घर रंगवून घेतलं असेल तर शेजारी, देवळाच्या भिंतीवर, नाहीतर गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला विचारा, त्याला इंचात माहिती असतंय. त्या वर्षी राजारामला पातळी साधारण साडेपंचावन्न फुटांवर गेली होती. (2021 ला त्याच्याही थोडी वर, पण हिशोबाला एकच वर्ष धरा, दोन्ही वर्षांच्या खुणा मिसळू नका.)

2. खूण उंबऱ्यापासून किती उंच आहे ते टेपनं मोजा. समजा 4 फूट. साडेपंचावन्न वजा 4, म्हणजे साडेएक्कावन्न. राजारामला 51.5 फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागणार, साधारण.

3. आता घरापासून उंचावर जायच्या रस्त्यावरची सगळ्यात खोल जागा शोधा. ती उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे हे डोळ्यानं कधीच कळत नाही, उतार फसवतो. गवंड्याकडची लेव्हल ट्यूब घ्या, ती पारदर्शक नळी. नळीत पाणी भरून दोन्ही तोंडं शेजारी शेजारी धरा, पाणी सारखं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर आत हवेचा बुडबुडा अडकलाय, नळी झटकून तो काढा. मग एकानं उंबऱ्यापाशी धरायची, दुसऱ्यानं रस्त्यावर पुढं जायचं, दोन्हीकडं पाण्याची रेघ जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं. फरक वहीत लिहा, तिथनं पुढं परत तसंच. नळी पुरत नाही म्हणून टप्पे टप्पे करावे लागतात. रविवारची सकाळ जाते, पण गवंड्याला चहा पाजला की तोच करून देतो.

4. समजा खोल जागा उंबऱ्यापेक्षा 5 फूट खाली निघाली. 51.5 वजा 5, म्हणजे 46.5. त्यातनं दीड फूट सुरक्षेला सोडा. तुमचा निघायचा आकडा 45. उंबऱ्याला पाणी लागायला अजून साडेसहा फूट असतानाच तुम्ही बाहेर पडलेले पाहिजे. हेच लोकांना पटत नाही.

इशारा: हा हिशोब कामचलाऊ आहे. राजारामची पातळी आणि तुमच्या गल्लीतली पातळी एकास एक चढत नाहीत, वर शहरात मुसळधार असला तर नाल्याचं पाणी वेगळंच. दीड फूट सोडायचा तो त्यासाठीच. "जरा कमी धरू" म्हणून तो खाऊ नका.

चेक: दोन्ही आकडे मार्करनं मीटर बोर्डाच्या दारावर लिहिलेत का? घरातल्या सगळ्यांना, अगदी आजीला पण पाठ आहेत का?

घर विकत घेणार असाल किंवा वर मजला चढवणार असाल तर आणखी एक काम. निळी रेषा आणि लाल रेषा कुठनं गेलीय ते महापालिकेत बघून घ्या. निळी म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला स्वस्तातला प्लॉट स्वस्त का आहे ते एजंट सांगत नाही.

## टप्पा 2: पाऊस लागायच्या आधीची घरातली कामं

ड्रेनेज. पहिलं पाणी दारातनं येत नाही, कमोडमधनं आणि न्हाणीतनं येतं. बाहेरचा चेंबर भरला की लाइन उलटी फिरते. घराबाहेर जाणाऱ्या लाइनवर, शेवटच्या चेंबरच्या जवळ, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या. समुद्राकाठच्या शहरांत नाल्यांच्या तोंडाला झडपा असतात, भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, तीच आयडिया छोट्यात. पण ती झडप मिटलेली असताना आतलं पाणी पण बाहेर जात नाही, मुंबईत हाजी अलीला, इर्ल्याला पंपिंग स्टेशनं म्हणूनच बांधावी लागली. तुमच्या घरात पण तेच होणार. बाहेर पाणी चढलेलं असताना तुम्ही अंघोळ केली तर ते पाणी तुमच्याच न्हाणीत तुंबणार.

लोक चुकतात ते असं: व्हॉल्व्ह बसवायचा आणि वर फरशी घालून टाकायची. मग झडपेत प्लॅस्टिक, केस अडकतात आणि ऐन वेळी ती मिटतच नाही. वर उघडता येणारं झाकण ठेवा, दर मे महिन्यात साफ करा.

लाईट. तळमजल्यावरचे प्लग पॉइंट कमरेच्या वर घ्या, आणि तळमजल्याचं सर्किट वरच्या मजल्यापासून वेगळं करून घ्या, म्हणजे खालचं बंद करून वर दिवा चालू ठेवता येतो. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर असेल तर वर हलवा. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घराला करंट देतच असतो, हे अजून लई लोकांच्या डोक्यात नाही.

टाक्या. जमिनीतली टाकी रिकामी ठेवायची नाही, काठोकाठ भरून ठेवायची. रिकामी टाकी भोवतालच्या ओल्या जमिनीतनं वर उचलली जाते, प्लॅस्टिकची असेल तर हमखास. अंगणातला रिकामा ड्रम, रिकामी टाकी हे सगळं दोरीनं बांधा.

अपार्टमेंटवाल्यांनी बेसमेंटचं पार्किंग कधी रिकामं करायचं त्याचा आकडा सोसायटीच्या मीटिंगमध्येच ठरवा, नोटीस बोर्डावर लावा. ऐन वेळी चाव्या सापडत नाहीत, एक मालक पुण्याला असतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची हे वॉचमनला आधीच सांगून ठेवा.

## टप्पा 3: वाळूची पोती, आणि कधी लावायची नाहीत

उंबऱ्याबाहेर फूट-दीड फूट पाणी येईल असा अंदाज असेल तर पोती उपयोगाची.

1. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घ्या, निम्मी-पाऊण भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं होतं, दोन पोत्यांमधल्या फटीतनं पाणी येतं.
2. तोंड बांधत बसू नका, दुमडून पोत्याखाली घ्या.
3. आधी जाड प्लॅस्टिकचा कागद दारावर आणि जमिनीवर अंथरा, त्याच्यावर पोती.
4. विटांसारखा सांधा मोडत रचा, प्रत्येक थर पायानं दाबून घ्या.
5. एक भरलेलं पोतं कमोडमध्ये, एक न्हाणीच्या जाळीवर. हे सगळे विसरतात, दारात चार थर लावतात आणि पाणी मागनं येतं.

इशारा, आणि हा जरा नीट वाचा. तीन फुटांच्या वर पाणी येणार असेल तर अडवत बसू नका, येऊ दे आत. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असलं की भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण 400 किलोचा रेटा बसतो, आणि पाणी दुप्पट झालं की रेटा चौपट होतो. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंती त्या हिशोबानं बांधलेल्या नाहीत. आत बाहेर पाणी सारखं झालं की हा रेटा राहत नाही. घर ओलं होईल, धुता येतं.

मातीच्या भिंतीचं घर असेल तर हा टप्पा सोडूनच द्या. सामान उचला आणि निघा.

## टप्पा 4: पिशवी आणि पाच दिवसांचं रेशन

2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. ज्यांच्या घरात थेंबभर पाणी नव्हतं त्यांना पण पेट्रोल, भाजी, दूध मिळायची मारामार. बालिंगा, शिंगणापूरची पंपिंग स्टेशनं बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले, सगळीकडं एवढं पाणी आणि प्यायला टँकर. म्हणून उंचावरच्यांनी पण पाच दिवसांचं पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, टाकीत बाकीच्या वापरायचं, गाडीत पेट्रोल, हातात थोडी रोख.

निघणाऱ्यांच्या पिशवीत: आधार, रेशन कार्ड, सातबारा आणि घराची कागदं, बँक पासबुक, पोरांचे दाखले, विम्याची कागदं (हे सगळं जाड प्लॅस्टिक पिशवीत, वर तोंडाला गाठ), आठवड्याची औषधं चिठ्ठीसकट, टॉर्च, पॉवर बँक, एक जोड कपडे. सोनं पिशवीत नाही, अंगावर किंवा लॉकरमध्ये. कागदांचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाईकाला पाठवून ठेवा, मोबाईलच भिजला तर काय.

जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर 1077, पोलिस आणि बाकी इमर्जन्सीला 112, ॲम्ब्युलन्स 108. कागदावर लिहून खिशात.

## टप्पा 5: निघायचा क्रम

39 च्या आसपास. जनावरं हलवा. हो, सगळ्यात आधी. म्हैस बोटीत चढत नाही, ट्रकला रांग लागते, आणि वैरण न्यायला वेगळी खेप. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच झालेली पाहिजे, छावणीत जनावरं दाटीनं बांधलेली असतात. चिखली-आंबेवाडीची माणसं सोनतळीला जातात तशी तुमच्या गावाची जागा ठरलेली असेल तर तिथं चारा आधीच टाका. आणि काही कारणानं एखादं जनावर मागं ठेवावं लागलंच तर दावं सोडून या. मोकळं जनावर पोहून वाट काढतं, बांधलेलं दाव्याला मरतं.

त्याच दिवशी आजारी माणसं, गरोदर बाई, डायलिसिसवाले, अंथरुणावरची म्हातारी माणसं पाहुण्यांकडं. त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातनं न्यायची वेळ येता कामा नये. आजोबा "मी न्हाई येत, घर सोडून कुठं जाऊ" म्हणणारच, त्यांच्याशी वाद घालायला पण दिवस धरा.

41-42 ला गाड्या उंचावर. राजारामपुरी, विद्यापीठाकडं. उशीर झाला की तिकडं पण जागा मिळत नाही.

तुमच्या आकड्याच्या एक-दीड फूट आधी सामान वर चढवा. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, धान्य, पुस्तकं. माळ्यावर आधी जड, मग हलकं असा घोळ घालू नका, माळा किती वजन पेलतो ते बघा.

तुमच्या आकड्याला घर बंद करा, ह्या क्रमानं:

1. गॅसचा रेग्युलेटर बंद, सिलेंडर काढून वर किंवा खिडकीच्या गजाला बांधा. सिलेंडर तरंगतो आणि आदळत फिरतो.
2. कमोड, न्हाणी पोत्यानं बंद.
3. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर काढा.
4. मेन स्विच शेवटी, कारण वरची कामं करायला उजेड लागतो. पण पाय ओले असतील किंवा बोर्डाखाली पाणी असेल तर हात लावू नका, महावितरणला 1912 वर फोन करा.
5. कुलूप. कुठं चाललाय ते दोन जणांना सांगून.

रात्रीचा नियम वेगळा. दर तीन तासांनी पातळी वहीत लिहा आणि तासाला किती इंच चढतेय ते काढा. समजा तासाला 2 इंच, आणि तुमच्या आकड्याला 16 इंच राहिलेत, म्हणजे आठ तास. संध्याकाळी सहाला हा हिशोब आला तर मध्यरात्री दोनला निघायची वेळ येणार. मग संध्याकाळीच निघा. अंधारात, लाईट गेलेली असताना, उघडी गटारं असलेल्या गल्लीतनं पोरं घेऊन चालायचं नसतं.

इशारा: वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी कार हलवतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरनं पाणी जात असलं तर "काल तर गेलो होतो" हे कारण चालत नाही, खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय ते वरनं दिसत नाही. आणि पाणी बघायला म्हणून घाटावर, पुलावर पोरांना घेऊन जायची आपल्याकडं जी जत्रा भरते, ती तेवढी बंद करा राव, त्या गर्दीत बोटवाल्यांचे ट्रक अडकतात.

## टप्पा 6: अडकलातच तर

वरच्या मजल्यावर जा, पण ज्याला छतावर यायला वाट नाही अशा माळ्यावर नको. 1077 ला फोन करून तीन गोष्टी सांगा: जागा ओळखू येईल अशी खूण, माणसं किती, चालू न शकणारे किती. मग फोन ठेवा, बॅटरी वाचवा. गच्चीवर रंगीत चादर बांधा.

बोट आली की आधी झुंबड. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, बोटीत जास्त लोक बसले होते. बोटवाला बास म्हणाला की बास. लाइफ जॅकेट नसेल तर पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, झाकण घट्ट, दोरीनं छातीला बांधा. बोटीत उभं राहू नका, सगळे एका बाजूला वाकू नका. सामानाची बॅग मागनं येऊ दे, नाही आली तरी चालेल.

## टप्पा 7: परत आल्यावर

सगळ्यात घाई इथं होते आणि सगळ्यात जास्त नुकसान पण.

1. बाहेरनं घर बघा. भिंतीला नवीन तडा, फुगवटा, दार चौकटीत अडकतंय असं काही असेल तर आत जाऊ नका. मातीची घरं पाणी असताना उभी राहतात आणि उतरल्यावर, ऊन पडलं की बसतात.

2. दारं-खिडक्या उघडा, थांबा. गॅसचा वास येतोय का बघा. हातात काठी घ्या, साप माळ्यावर, कपाटात, गाद्यांच्या घडीत असतो.

3. फोटो आणि व्हिडिओ, साफसफाईच्या आधी. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, फ्रिजचा नंबर दिसेल असा. घर चकाचक करून मग तलाठ्याची वाट बघणारे लोक दरवेळी भेटतात, त्यांना पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही. शेताचा पंचनामा वेगळा, तो पण विचारा.

4. लाईट चालू करू नका. वायरमननं बोर्ड, वायरिंग तपासल्याशिवाय नाही. मोटर, फ्रिज, मिक्सर सुकले असं वाटलं तरी आत ओल असते. जनरेटर आणला तर घराबाहेर चालवा, त्याचा धूर बंद खोलीत जीव घेतो.

5. बेसमेंट एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्यानं भरलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की भिंत आत येते. रोज साधारण एक तृतीयांश काढा, दुसऱ्या दिवशी पातळी परत वाढलेली दिसली तर थांबा.

6. चिखल ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो. गमबूट, हातमोजे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप) शक्यता त्यांनी धरली पाहिजे.

7. पाणी. टाकी घासून धुवा, पहिलं पाणी सोडून द्या, मग 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं. जास्त टाकलं म्हणजे जास्त शुद्ध असं नसतंय, नुसता वास येतो आणि लोक ते पाणी सोडून दुसरीकडचं पितात. पिण्याचं तरी उकळूनच घ्या. पावडरचा डबा जुना, उघडा असेल तर फेकून द्या, ताकद गेलेली असते.

8. गाडी भिजली असेल तर चावी फिरवू नका. एकदा बघू चालू होतेय का, ह्या एका सेल्फनं इंजिनात पाणी ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी म्हणते तुम्ही चालू केली, आम्ही देत नाही. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून गॅरेजला. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान भरून देणारं कव्हर) आहे का ते मे महिन्यातच बघून घ्यायचं.

9. रंग आणि फर्निचर सगळ्यात शेवटी. प्लास्टर वरनं कोरडं वाटतं, आतली वीट महिनोन्महिने ओली असते. गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायची घाई केली की दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात. पंखे लावा, कपाटं भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि त्या भिंतीला दिवाळीनंतरच हात लावा.